पत्रिकेच्या क्रमाने लावलेला मेनू

मी एक जुना स्टार्ट मेनू आहे, म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातले बटण दाबले की उघडणारी प्रोग्रामांची यादी. मित्रांनो, संगणकाचा आत्मा मीच. माझ्यावाचून त्याचे पान हलत नाही. हे मत माझे स्वतःचे आहे. बाकी लोक पडद्यावरच्या चित्रांवर टिचकी मारून परस्पर कामाला लागतात आणि त्यांचे काहीही अडत नाही.

पण उदगीरच्या शरणप्पांच्या दुकानात मला मान होता. दुकान लग्नपत्रिकांचे. छपाई शरणप्पांकडे, संगणक त्यांच्या पत्नी दानम्मांकडे. सुरुवातीला माझ्यातले प्रोग्राम इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने उभे होते. दानम्मांना ते बघवले नाही. थोर खाली अन् कालचे पोर वर, ही कुठली रीत? त्यांनी तो क्रम मोडला आणि एकेक शॉर्टकट, म्हणजे प्रोग्रामकडे नेणारी खूण, ओढून मला पत्रिकेसारखा लावला. सर्वांत वर 'श्री' नावाचा फोल्डर, आत काही नाही. मग 'वडीलधारे', मग 'यजमान', त्यात रोजच्या टायपिंग-डिझाइनची कामे. शेवटी 'बालगोपाळ', त्यात पत्त्यांचा खेळ.

त्यांच्या समाजातल्या पत्रिकेत गेलेल्या माणसाचे नाव गाळत नाहीत. आधी 'लिं.', म्हणजे लिंगैक्य, असे लावून ते थोरांच्या ओळीत ठेवतात. दानम्मांनी बंद पडलेल्या प्रोग्रामांनाही तोच न्याय दिला. 'लिं. जुना स्कॅनर' माझ्यात वर्षानुवर्षे होता. त्यावर टिचकी मारली तर काही होत नसे. पत्रिकेतल्या थोरांकडून तरी दुसरी काय अपेक्षा असते?

शरणप्पांना मात्र माझ्यात काहीच सापडत नसे.

"अगं, डिझाइन कुठं घातलीस?"

"यजमानात हाय. तुम्ही रोज पोरांत शोधता."

"घरातबी तसंच हाय, यजमान कुठं दिसतोय?"

"मग हाक मारा की. मी हाय न्हवं हितं."

शिवानी म्हणजे त्यांची एकुलती लेक, नांदेडला दिलेली. तिच्या मुलाचे, शिवांशचे, बारसे झाले तेव्हा दानम्मा आजारी होत्या. जाता आले नाही, म्हणून त्यांनी दुकानातल्या माइकपुढे पाळणा म्हणून संगणकात भरला. मध्ये दोनदा खोकला आला. "आवाज बसलाय. बरं वाटल्यावर चांगला म्हणून पाठवू," असे म्हणून त्यांनी त्याचा शॉर्टकट 'बालगोपाळ'मध्ये ठेवला. बरे वाटलेच नाही. पुढे पुतण्याच्या पत्रिकेत दानम्मांच्या नावाआधी 'लिं.' आले. ते शरणप्पांनी एका बोटाने टाइप केले. संगणकावर त्यांनी स्वतः जुळवलेला तो पहिला शब्द.

त्यानंतर रोज सकाळी शटर अर्धेच वर करून ते माझ्यात शिरत आणि पाळणा ऐकत. शिवानी फोनवर म्हणायची, "अप्पा, मलाबी पाठवा की." पाठवायचे कसे, हे त्यांना ठाऊक नव्हते, ज्याला विचारायचे ते माणूस गेले होते. "येताना घेऊन येतो," ते म्हणत.

यंदा शिवांश तीन वर्षांचा झाला आणि संगणक फारच अडू लागला. दुरुस्तीवाला सत्यम म्हणाला, "काका, फॉरमॅट मारावं लागतंय. सगळं पुसलं जाईल. लागंल तेवढं काढून घ्या." सत्यमने दाखवल्या रीतीने शरणप्पांनी मला, अख्खा मेनू, पेन ड्राइव्हमध्ये उतरवला. माणूस सावध. पेन ड्राइव्हमधल्या 'पाळणा'वर टिचकी मारून पाहिली. दानम्मा गायल्या, दोनदा खोकल्या.

"घेतलं ना सगळं?"

"घेतलं. वाजवून बघितलं."

मित्रांनो, मी फक्त वाट दाखवतो. गाणे संगणकाच्या पोटात होते. माझ्याकडे तिथला पत्ता होता. हे सांगायला मला तोंड नव्हते. सत्यमने संगणक पुसला, नवे सगळे भरले.

शरणप्पा पेन ड्राइव्ह घेऊन नांदेडला गेले. शिवानीने तो लॅपटॉपला लावला, शिवांशला मांडीवर घेतले. माझी मांडणी पाहून तिला हसू आले. "आईनं 'श्री'पण ठेवलाय," ती म्हणाली. मग 'पाळणा'वर टिचकी मारली. पडद्यावर ओळ आली: ही वस्तू सापडत नाही.

"अप्पा, ही नुसती खूण आलीय. गाणं न्हाई आलं."

"उदगीरला वाजलं की."

"तिथं होतं, म्हणून वाजलं."

त्यांनी सत्यमला फोन लावला. "काका, वरनं नवीन भरलंय. आता न्हाई निघत," तो म्हणाला. शरणप्पांनी फोन ठेवला आणि पुन्हा एकदा स्वतः टिचकी मारून पाहिली. शिवांशने विचारले, "आजी कधी म्हणणार?" शिवानी उठून पाणी आणायला गेली. बराच वेळ आली नाही.

मित्रांनो, खुणा जरूर नीट लावा. पण खूण जिथे नेते, ते आधी जपा. आणि घरातल्या माणसाचा आवाज बसलेला असला तरी तसाच पाठवून द्या.

पेन ड्राइव्ह आता शिवानीच्या कपाटात आहे. त्यात मी आहे. बाकी जागा रिकामी आहे.