पैलवानाची कॅसेट

शहाण्णव साली सांगलीच्या एका कॉलेजात राजरत्न प्रयोगशाळेचा शिपाई होता. पण विजेच्या परदेशी माशांची बोली साऱ्या विभागात त्यालाच कळायची. पाण्यात दोन तारा सोडून स्पीकर लावला की त्यांच्या अंगातली वीज आवाज होऊन घुमायची. नराचा आवाज जाड, मादीचा बारीक. मादीची मनधरणी करताना नर आवाज तोडून तोडून टिवटिव करी. ती टिवटिव राजरत्ननं कॅसेटवर भरून ठेवली होती. टाकीत जोडी एकच; नराला तो पैलवान म्हणे. मादी अंड्यांनी टम्म झालेली. एकदा तरी पिल्लं बघायचीच, म्हणून गडी दीड वर्ष अळ्या भरवत होता, पावसाचं पाणी साठवून टाकीत घालत होता.

आणि नेमके त्याच आठवड्यात कॉलेज बघायला बडे पाहुणे यायचे होते! जास्त गाजावाजा व्हावा म्हणून विभागप्रमुख वीरधवल सरांनी आणखी एक मादी मागवली. राजरत्ननं तारा बुडवून ऐकलं. जाड. हा नर आहे, सोडू नका, असं त्यानं हात जोडून सांगितलं. आकारानं लहान म्हणजे मादीच, असं म्हणून सरांनी पाहुण्यांसमोर मासा टाकीत सोडला.

स्पीकर किंचाळायला लागला. दोघांनी एकमेकांचे जबडे धरले. पैलवानाचं शेपूट तुटलं, कल्ला फाटला, पाणी तांबडं झालं, आणि सर खुशाल सांगत होते की हे प्रेम चाललंय. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. राजरत्नच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांना ढकलून त्यानं टाकीत हात घातला, तसा सरांनी सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली जाळ काढला. पैलवान हातात आला तो मेलेलाच. दुसराही तासाभरात तडफडून गेला.

दुसऱ्या दिवशीही कान वाजतच होता. राजरत्ननं टाकीवर काळं कापड टाकलं आणि पैलवानाच्या कॅसेटचा आवाज तारांतून पाण्यात सोडला. मादी तारांभोवती घुटमळली, आणि दुपारपर्यंत तिनं पाणवनस्पतींच्या मुळ्यांत अंडी घातली. वेडी पोर, मेलेल्याच्या आवाजाला भुलली! राजरत्न ढसाढसा रडला.

अंडी फळवायला नरच नव्हता. ती पांढरी पडली. सर मात्र नुसत्या आवाजावर मादीनं अंडी घातली म्हणून हरखले आणि शोधनिबंध लिहायला बसले. राजरत्ननं कॅसेट स्पीकरला लावली.

"सर, लग्नाचा आवाज ह्यो हाय. तुमी टाळ्या घेतल्या त्यो खुनाचा हुता. निबंधात दोनी लिवा."

सरांनी हात उगारला. राजरत्ननं तो मनगटात धरला आणि कॅसेट संपेपर्यंत सोडला नाही.