जांभळीवरचा फोन

घाटघरच्या गावठाणात मोबाईलची रेंज म्हणजे उंबराचं फूल. मिळायची ती वरच्या माळावर, एकट्या जांभळीखाली. म्हणून गुरं चारायला जाणारा भिमाजी गावातले सात-आठ फोन पिशवीतून न्यायचा, जांभळीला टांगायचा आणि संध्याकाळी घरोघर पोचवायचा. कुणाचा वाजलाच तर उचलून निरोप घ्यायचा. पोस्टमनला नसेल एवढा त्याचा रुबाब.

सुनेचा फोन मात्र तो वेगळ्या फांदीला, सावलीत टांगी. तेजस्विनी अंगणवाडीत मदतनीस होती आणि घरबसल्या बी.ए. करत होती. विद्यापीठातल्या सरांची फुकटातली व्याख्यानं दिवसभर त्या फोनमध्ये उतरत आणि संध्याकाळी ती चुलीपुढं ऐके. ऐकून ऐकून भिमाजीलाही एका सरांचा खोकला ओळखू येऊ लागला होता. दोन बाळंतपणांत तिची वर्षं गेली. आता शेवटचं वर्ष, आणि नोंदणीची मुदतही यंदाच संपत होती. परीक्षा हुकली की पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. पास झाली तर पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी बसता येणार होतं. "माझी सून सायबीण व्हनार," असं भिमाजी गुरांनाही सांगायचा.

दिवाळीत कुणीतरी गोड बोलून गावातल्याच गेणभाऊकडून फोनवरचे आकडे काढून घेतले आणि त्याचं बँकेतलं खातं धुऊन नेलं. तेव्हा तेजस्विनीनं सासऱ्याला पढवलं होतं, "मामा, कुनी बी इचारू द्या, मेसेजातलं आकडं सांगायचं न्हाईत."

कापणीच्या दिवसांत, एका दुपारी तिचा फोन वाजला.

"जुन्नरच्या अभ्यासकेंद्रातून बोलतोय. तेजस्विनीताई आहेत का?"

"ती खाली भात कापतीय. मी सासरा."

"बाबा, त्यांचा परीक्षेचा फॉर्म भरतोय. चार दिवस साइट बंद होती, आत्ता चालू झाली. पाचपर्यंतच मुदत आहे. फोनवर सहा आकडे आलेत, तेवढे वाचून दाखवा."

भिमाजी मिशीत हसला. आला चोर! "आकडं पायजेत व्हय? आमी काय दूधखुळं न्हाई, राव. पोलिसात देईन!"

फोन आणखी तीनदा वाजला. त्यानं ढुंकून पाहिलं नाही.

संध्याकाळी त्यानं हा पराक्रम तिखटमीठ लावून सांगितला. "जुन्नरच्या केंद्राचं नाव घेत व्हता, बग किती पक्का!" कुशाबाई, त्याची बायको, पोट धरून हसली. तेजस्विनीचा भाकरी थापणारा हात थांबला. तिनं फोन घेतला, मेसेज वाचला, पुन्हा वाचला. तव्यावरची भाकरी करपली.

"काय झालं, पोरी?"

"तुमी बरोबर केलं, मामा. मीच सांगितलं व्हतं," ती म्हणाली. मग थांबून तिनं फॉर्मचं सगळं सांगितलं, शांतपणे. तिनं शिव्या दिल्या असत्या तर भिमाजीला बरं वाटलं असतं.

सकाळी गुरं गोठ्यातच ठेवून तो तिचा फोन घेऊन माळावर धावला. कालच्याच नंबरावर फोन लावला आणि कुणी काही विचारायच्या आत ओरडून वाचू लागला, "च्यार, शून्य, सात, सात, दोन, नऊ!"

"बाबा, ते आकडे दहाच मिनिटं चालतात. आणि मुदत काल संपली. मी चार वेळा फोन केला हो."

भिमाजीनं आकडे पुन्हा सांगितले, या वेळी हळू, एकेक करून. पलीकडून फोन ठेवला गेला होता.

त्यानं फोन नेहमीच्या फांदीला टांगला. पडद्यावर निळी रेघ पुढं सरकू लागली. शेवटच्या वर्षाची उरलेली व्याख्यानं उतरत होती. ती थांबवायची कशी, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.