अण्णांचा काटा

फाटकातून आत शिरायला जागा नव्हती. अंगणात गाडी उभी, गाडीचं इंजिन सुरू आणि तिच्याभोवती अख्खी गल्ली गोळा झालेली. दिवेलागणीची वेळ होऊनही घरातला एकही दिवा कुणी लावला नव्हता. माणसं काचांना नाकं लावून गाडीत डोकावत होती. ऐकू येत होती ती फक्त इंजिनाची घरघर, आणि त्या इंजिनाशी बोलणारा एक मऊ, तेलकट आवाज.

"अण्णा, आलात?"

मग पुढच्या माणसांच्या तोंडून एकदम "आऽऽ" निघालं आणि एक बाई रडू लागली. ती माझी वहिनी होती.

अण्णा म्हणजे माझा धाकटा भाऊ. सगळी गल्ली त्याला अण्णा म्हणायची, म्हणून मीही म्हणायची. त्याने जन्मभर मालवाहू टेम्पो चालवला आणि टेम्पोच्या इंजिनाला पोटच्या पोरासारखं जपलं. टेम्पोचा पत्रा गंजून गळाला, इंजिन मात्र ठणठणीत राहिलं. अण्णा गेल्यावर त्याच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, ते इंजिन भंगारात जाऊ दिलं नाही. मित्राच्या गॅरेजात सुट्ट्यांमागून सुट्ट्या खपून त्याने ते स्वतःच्या लहानशा गाडीत बसवलं. गाडीचे जुने मीटर या इंजिनाशी जुळेनात, म्हणून बाजारातून नवे गोल मीटर आणून डॅशबोर्डवर लावले. एक तेलाच्या दाबाचा, एक तापमानाचा. इथवर सगळं ठीक होतं. प्रेमापोटी माणूस याहून जास्त वेडेपणा करतो.

मग एकदा वहिनी त्या गाडीत पुढे बसली. फाटकाशी गाडी थांबता थांबता तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, दिसतंय का तुम्हाला हे सगळं?" आणि तापमानाचा काटा टुणकन वर चढून खाली आला. तिने शेजारणीला सांगितलं. शेजारणीच्या पोटात पाणी टिकत नाही, तिथे हे काय टिकणार! आठवडा उलटायच्या आत डोंगरावरचे एक बुवा दारात हजर, काटेमहाराज.

खरं नाव काय होतं देव जाणे. हे नाव लोकांनी काट्यावरूनच ठेवलं. त्यांचं प्रवचन मी एकदा ऐकलं होतं. "देह म्हणजे काय? बॉडी! बॉडी गंजते. आत्मा म्हणजे काय? इंजिन! ते एका बॉडीतून निघतं, दुसऱ्या बॉडीत बसतं." लोक माना डोलावत होते. आपण रोज करतो ते काम इतकं पवित्र आहे हे गॅरेजवाल्यालाही ठाऊक नसणार.

महाराज चालकाच्या जागेवर बसत. इंजिन सुरू, दिवे बंद, कारण "उजेडात आत्मा संकोचतो." काटा चढला तर हो, पडून राहिला तर नाही. वायरींना कुणी हात लावायचा नाही. शिवाय एरवी कितीही वेळ इंजिन चाललं तरी काटा मध्याच्या पुढे जात नसे. "बघा, अण्णा आपलं इंजिन तापूच देत नाहीत!"

मी शाळेत विज्ञान शिकवते. हे ऐकून हसले आणि विसरले. त्या दिवशी दुपारी भाच्याच्या बायकोचा फोन आला तेव्हा हसू पळालं.

"आत्या, लवकर या. उद्या दवाखान्यात भरती व्हायला सांगितलंय. प्रेशर वाढलंय, आता थांबू नका म्हणाल्या डॉक्टर. पण काटा नको म्हणतोय. मला डोंगरावर नेणार आहेत, महाराजांच्या ठिकाणी."

तिला नववा महिना लागलेला. डोंगरावर डॉक्टर नाही, सुईण नाही, फोनही लागत नाही. तिथे सुखरूप बाळ जन्मलं असतं तर महाराजांची जाहिरात आयतीच झाली असती. न जन्मलं तर काय, याचं उत्तरही त्यांच्याकडे असणारच: अण्णांची मर्जी.

म्हणून मी त्या गर्दीत उभी होते. पोरीला गाडीत मागच्या सीटवर बसवलं होतं. खिडकीतून तिची पावलं दिसली. सुजून चपलेत मावत नव्हती. मला धडकी भरली. पुढे जायला बघितलं तर लोकांनी मला ढकलत गाडीच्या मागच्या बाजूला नेऊन सोडलं. तिथे कुणीच नव्हतं, नुसती चुना दिलेली कुंपणाची भिंत. इंजिनाचा गरम, करपट वास येत होता आणि तो वाढत होता.

"अण्णा, सूनबाईला दवाखान्यात न्यायचं?"

पुढे कुणीतरी कुजबुजलं, "नाही म्हणतात."

"डोंगरावर आणायचं? आत्ताच निघायचं?"

माझ्यासमोरची पांढरी भिंत लालभडक झाली. तेवढ्यात पुढून आवाज उठला, "चढला! काटा चढला!" मग भिंत पुन्हा काळवंडली आणि गर्दीने सुस्कारा सोडला.

मी मुद्दाम आणखी एका प्रश्नापुरती थांबले. भिंत लाल, काटा वर. भिंत काळी, काटा खाली. ब्रेकचे दिवे होते ते! दिवे बंद करून बसलेले महाराज अंधारात ब्रेक दाबत होते, आणि सगळी गल्ली पुढे असल्याने मागचा उजेड बघायला कुणी नव्हतं.

मी कोपरं मारत पुढे घुसले. "महाराज, एक विनंती. तुम्ही योगी पुरुष. असे पाय खाली सोडून काय बसलात? मांडी घालून बसा आणि मग विचारा."

महाराजांचा चेहरा बदलला. "बाई, आत्म्याची परीक्षा घेणाऱ्याचं घर उभं राहत नाही."

गर्दी माझ्यावर गुरगुरली. वहिनीने माझा हात धरला. "वन्सं, नका हो. रुसून गेले तर परत बोलायचे नाहीत ते."

पण मागच्या सीटवरून पोर माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "मांडीच घालायला सांगतेय, डोक्यावर उभं राहायला नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. आता नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. महाराजांनी कशीबशी मांडी घातली, अण्णाला हाक मारली, विनवलं, शेवटी दरडावलं. काटा जागचा हलला नाही.

"रुसले!" म्हणत महाराज खाली उतरले. त्यांच्या जागी मी बसले.

"अण्णा, मी तुझी धाकटी बहीण ना रे?"

ब्रेकवर पाय दाबला. काटा चढला. मी त्याच्याहून मोठी हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"सुनेला दवाखान्यात न्यायचं ना?" काटा चढला. "न्यायचं नाही ना?" काटा तेवढ्याच उत्साहाने चढला. "आता मागे जाऊन भिंत बघा, म्हणजे अण्णा कुठून बोलतात ते कळेल."

लोक मागे धावले. भाचा मात्र धावला नाही. तो काट्याकडे बघत पुटपुटला, "ब्रेकचे दिवे लागले की काटा चढतो... आत्या, अर्थिंग!" बॉनेट उघडून त्याने टॉर्च मारला. इंजिन आणि गाडीची बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी एका टोकाला सुटून लोंबत होती. इंजिन बदलताना ती परत आवळायची राहून गेली होती. बॅटरीची तार इंजिनाला जोडलेली, दिवे आणि मीटर बॉडीला. दिव्यांची वीज परतायला धड वाट नाही, म्हणून ब्रेकचे दिवे लागले की मीटरला मिळणारी वीज बिघडायची आणि काटा खोटा वर जायचा. फाटकाशी वहिनी बोलली तेव्हाही भाच्याने ब्रेकच दाबला होता. महाराज पूर्वी गाडी शिकवायचे म्हणे. पहिल्याच बैठकीत त्यांना मर्म कळलं असणार.

एवढ्यात इंजिनातून फुस्सकन आवाज आला आणि वाफेचा लोट उसळला. लोक किंचाळत मागे सरले. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, पोरीला बाहेर काढलं.

"काटा काय दाखवत होता?" भाच्याने विचारलं.

"मध्याच्याही खाली."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मीटरबरोबर आलेला, तापमान मोजणारा नवा सेन्सर त्याच्या कपाटात तसाच पडून होता. इंजिनात जुनाच होता, अण्णाने स्वतः बसवलेला. "त्यांच्या हातचं शेवटचं काम होतं, आत्या. काढवेना मला." तेव्हा त्याने नवा मीटर जुन्या सेन्सरला जोडून दिला. दोघांचं माप वेगळं, त्यामुळे इंजिन उकळलं तरी काटा गार दाखवायचा. त्यात इंजिन मोठं आणि रेडिएटर लहान गाडीचा. डोंगराच्या चढावर, अंधारात, नववा महिना लागलेली पोर घेऊन गाडी बंद पडली असती. वाटेत ना घर, ना दार.

एव्हाना महाराज अंतर्धान पावले होते. त्यांचा तेवढाच खरा चमत्कार, तोही फाटकातून.

वहिनी पायरीवर बसली होती. "मी विचारलं होतं, माझ्यावर राग आहे का. काटा नाही म्हणाला. तेही खोटंच?"

मला रडू आलं. "काटा खोटा, वहिनी. पण अण्णाला राग असता तर जिवंतपणीच बोलला असता ना? त्याचं तोंड कधी कुणी धरलं होतं का?"

ती रडता रडता हसली. शेजाऱ्याच्या गाडीतून आम्ही तडक दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या दंडाला पट्टा बांधून फुगवला. गोल तबकडीत काटा थरथरला. वहिनी दचकून म्हणाली, "हा काटा खरा कशावरून?"

मला वाटलं, बाई चिडणार. त्या म्हणाल्या, "बरोबर विचारलंत," आणि पाऱ्याचं यंत्र आणून पुन्हा मोजलं, वहिनीला दाखवलं. दोन्ही आकडे जुळले. दोन्ही वाईट होते. पोरीला लगेच आत नेलं. पहाटे नात झाली. "अजून थांबला असता तर दोघींचं सांगता आलं नसतं," एवढंच बाई म्हणाल्या.

तुमच्याही दारात कधीतरी असाच एखादा काटा हलेल. दुःखात माणूस कशालाही हो म्हणतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण गर्दीबरोबर पुढे घुसू नका. एकदा मागे जाऊन बघा. आणि "तपासू का?" असं विचारा. तपासू देईल त्याचं ऐका. शाप देईल त्याला फाटक दाखवा.

भाच्याने पट्टी आवळली, नवा सेन्सर आणि मोठा रेडिएटर बसवला. जुना सेन्सर वहिनीच्या शिवणाच्या डब्यात आहे. आजही नातीला मांडीवर घेऊन गाडीत बसली की ती आधी म्हणते, "ब्रेक दाब बघू." भाचा दाबतो. ती काट्याकडे बघत राहते. काटा हलत नाही. मग ती डोळे पुसते आणि म्हणते, "चल."