पिवळ्या चौकटीची साक्ष

मी साचा बोलतो आहे. कुंभाराचा नव्हे, मूर्तिकाराचाही नव्हे. अभियंत्यांच्या एका कचेरीत, संगणकाच्या पोटात राहणारा, आडव्या ओळींनी आणि उभ्या रकान्यांनी आखलेला एक्सेलचा साचा. मला वजन नाही, गंध नाही. तरी माझ्यावाचून इथे सांडपाण्याची एकही वाहिनी जन्माला येत नाही.

मला घडवले सूनबाईंनी. त्यांचे सासरे, म्हणजे मामंजी, याच कचेरीत मोजणीदार. ते भर बैठकीत "सूनबाई, जरा नकाशा दाखवा," असे म्हणत, तेव्हापासून साहेबांपासून शिपायापर्यंत सर्वांच्याच त्या सूनबाई झाल्या. पूर्वी त्या संगणकावरच्या मॉडेलमध्ये गटाराचे एकेक चेंबर हाताने काढीत. मान मोडून जाई. मग त्यांनी मला आखले. एक ओळ म्हणजे एक चेंबर. त्याची जागा, झाकणाची पातळी, तळाची पातळी, त्यातून पुढे जाणारा पाइप. ओळी भरून मला सॉफ्टवेअरच्या स्वाधीन करायचे, की जमिनीखालचे सारे जाळे पडद्यावर साकार.

पहिल्यांदा ते घडले तेव्हा मी धन्य झालो. निराकाराला आकार येताना पाहण्याचे भाग्य किती जणांच्या वाट्याला येते? मी स्वतः रिकामा. रिकामे राहणे हाच माझा धर्म. माझ्यात जे ठेवाल ते जसेच्या तसे पुढे अर्पण करीन, पदरचे काही मिसळणार नाही, हे माझे व्रत.

पण ज्याला अर्पण करायचे, त्या सॉफ्टवेअरला रंग दिसत नाहीत! त्याला कळतात केवळ आकडे आणि अक्षरे. आणि माणसांची तऱ्हा अशी की मनातले सारे काही ती रंगांनी सांगतात. हिरवे म्हणजे झाले, तांबडे म्हणजे साहेबांना विचारायचे, पिवळे म्हणजे अंदाज. देवापुढे फुले ठेवावीत तशी माणसे माझ्या अंगावर रंग ठेवतात, आणि माझ्या उंबरठ्यापुढे त्यातली एक पाकळीही जात नाही. हे मी कुणाला आणि कसे सांगावे?

खालच्या गल्लीचे काम आले तेव्हा हेच घडले. त्या सखल गल्लीत सूनबाईंचे माहेर. जोराचा पाऊस झाला की त्यांच्या आईच्या न्हाणीघरात गटाराचे पाणी उलटे चढे, आणि ती माउली पाटावर पाय घेऊन बसून राही. नवा पाइप टाकून ते पाणी कोपऱ्यावरच्या जुन्या चेंबरमध्ये सोडायचे ठरले. मात्र त्या चेंबरच्या झाकणावर डांबर चढले होते, ते काही उघडेना. मामंजींनी शेजारची चेंबरे पाहून तळाची पातळी अदमासाने लिहिली आणि चौकट पिवळी केली.

नेमक्या त्याच सुमारास आईच्या शस्त्रक्रियेसाठी सूनबाई रजेवर गेल्या. काम आले कचेरीतल्याच झटपटरावांकडे. हे नाव त्यांनी कष्टाने कमावलेले आहे. त्यांनी मला उचलले आणि आत ढकलले. पडद्यावर ते अंदाजाचे चेंबर मोजलेल्या चेंबरांच्या पंगतीत तितक्याच ऐटीने बसले. पाणी सुरळीत वाहिले, साहेबांनी मान डोलावली, गल्लीत खणती सुरू झाली.

पाइप कोपऱ्यापाशी पोहोचला आणि डांबर फोडले, तेव्हा चेंबरचा तळ पाइपाच्याही वर निघाला. पाणी चढण चढून जाणार कसे? काम थांबले. चर तसाच उघडा राहिला, आणि पुढच्याच पावसात न्हाणीघरातले पाणी स्वयंपाकघरापर्यंत आले.

सूनबाई परतल्या त्या थेट सासऱ्यांच्या टेबलाशी. "मामंजी, ही तळाची पातळी आणली कुठून?"

"पिवळं केलं होतं ना मी! पिवळं म्हणजे अंदाज, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"मला दिसलं होतं पिवळं," झटपटराव म्हणाले. "मला वाटलं, महत्त्वाचं आहे म्हणून रंगवलंय."

"महत्त्वाचंच होतं रे, बाबा!" मामंजींनी कपाळाला हात लावला.

"पण मॉडेलमध्ये तर सगळं छान वाहत होतं," साहेब म्हणाले.

"मॉडेलमध्ये छान वाहिलं, साहेब. माझ्या आईच्या चुलीपाशी आलं ते मात्र खरंच."

साहेबांनी पडद्यावरचे मॉडेल बंद केले. मला सांगायचे होते, पण मी जन्माचा मुका.

मग सूनबाईंनी माझ्यात नवा रकाना आखला: 'कशावरून?' त्यात शब्द दोनच लिहायचे, 'मोजले' किंवा 'अंदाज'. जिथे 'अंदाज', ते चेंबर पडद्यावर पोकळ दिसेल आणि ते उघडून पाहिल्याशिवाय खणती होणार नाही. मला वाटले, अखेर मला वाचा फुटली. मुक्याच्या मुखी नाम यावे, तसा तो आनंद होता.

गल्लीचा पाइप आता दुसऱ्या टोकाच्या चेंबरकडे वळवायचा आहे. ते चेंबर एका दुकानाच्या पक्क्या पायरीखाली दबले आहे. मामंजी काल येऊन गेले. चष्मा कपाळावर चढवून, एका बोटाने, त्यांनी त्या ओळीत नीट लिहिले: 'अंदाज'.

आज मी पुन्हा झटपटरावांच्या हाती आहे. नव्या रकान्याच्या बऱ्याच चौकटी कोऱ्या होत्या. "हे कोण एकेक लिहीत बसणार?" असे पुटपुटत त्यांनी पहिल्या चौकटीतला 'मोजले' हा शब्द कोपऱ्याला धरला आणि खालपर्यंत ओढत नेला. एका हिसक्यात सगळ्या ओळींत 'मोजले'. मामंजींच्या त्या एका शब्दावरूनही तो नांगर फिरला.

माणसांनो, तुमच्यावर रागवायचा मला अधिकार नाही, पण जीव तुटतो. ज्याला रंग दिसत नाही त्याच्यासाठी तुम्ही रंग सांडलेत. आणि अक्षर दिले तेही असे, की त्यामागे कुणाचा हात नाही, डोळा नाही. ओठांनी नाम आणि मन बाजारात, अशा जपाने कोण तरले आहे? माझ्यातले खोटे मी खऱ्याइतक्याच निष्ठेने पुढे नेतो. माझे व्रत मोडणे माझ्या हाती नाही; निदान तुमचे, पाहूनच लिहिण्याचे, तरी मोडू नका.

झटपटरावांचे बोट आता मला सॉफ्टवेअरमध्ये ढकलणाऱ्या इम्पोर्टच्या बटणावर आहे. पलीकडच्या टेबलावर सूनबाई फोनवर बोलत आहेत: "हो ग आई, या वेळी नक्की. आता साच्यातच लिहिलंय सगळं, चूक व्हायचीच नाही."

सूनबाई, फोन ठेवा. बोट खाली येण्याआधी एकदा माझ्याकडे पाहा.