शेऱ्याचा रकाना

करुणा आली तेव्हा मी कपाटाचं माझं कुलूप उघडून बसले होते. दुसऱ्या कुलपाची किल्ली लक्ष्मणरावांकडे, म्हणजे आमच्याकडे रक्ताचे नमुने घेणाऱ्या लॅबवाल्यांकडे. एकट्यानं कपाट उघडायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे लक्ष्मणराव जेवायला गेले की आमचा सगळा अभ्यास थांबतो.

अभ्यास सिकलसेलचा, आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा. कपाटात चारशे बारा माणसांचे फॉर्म, नावपत्त्यासकट. कॉम्प्युटरवर नाव नाही, नुसता नंबर. कुठला नंबर कुणाचा ते एका वहीत, आणि वहीही कपाटातच. नागपूरच्या कॉलेजातल्या रीना मॅडमना त्या नंबरांची फाइल संध्याकाळपर्यंत हवी होती. शनिवारी त्यांची बैठक होती.

"कुसुमताई, फाइल आज जाऊन राहिली म्हणते," करुणा म्हणाली.

"कोण म्हणते?"

"निर्मलाबाई."

निर्मलाबाई आमच्या खोलीचा झाडू-पोछा करतात आणि चहा करतात. मॅडमचा फोन मला येतो, पण बातमी गावाला त्यांच्याकडून कळते.

करुणा चोवीस वर्षांची, मागावर कोसा विणते. तिच्या रिपोर्टात 'वाहक' आलं होतं, म्हणजे तिला स्वतःला त्रास नाही, पण रक्तात ते आहे. तो रिपोर्ट मीच तिच्या हातात दिला होता आणि सांगितलं होतं, हे तू सांगशील त्यालाच कळेल. पुढे तिचं लग्न ठरलं, बपेऱ्याच्या नीलेशशी. आणि नीलेश त्याच कॉलेजात कॉम्प्युटरवर बसतो.

"तुमची फाइल तोच उघडते, ताई."

"उघडू दे न. नाव कुठं हाये त्यात?"

"मी सांगणारच हाओ त्याले. रविवारी ते लोक येऊन राहिले साड्या पाहाले, तवा सांगतो. पण त्याच्या आधी त्यानं तिथं वाचलं, तर मी लपवलं असंच होईल न."

"नाई होत. ये, दाखवतो तुले." मी खुर्ची सरकवली, तिचीच ओळ उघडली आणि मोठ्या दिमाखानं बोट ठेवलं. नंबर एकशे त्रेचाळीस. आंधळगाव. स्त्री. चोवीस.

शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात माझ्याच शब्दांत होतं: 'कोसा विणते. डाव्या भुवईत टाक्याची खूण. हसताना तोंडावर पदर. लग्न ठरलं, बपेरा.'

करुणानं ते वाचलं. मग पदर तोंडावर घेतला, पण हसायला नाही.

मी बोट मागे घेतलं. हा रकाना माझा लाडका. दुसऱ्यांदा नमुना घ्यायला गेलं की गावात नुसत्या नावानं घर सापडत नाही. म्हणून मी लिहून ठेवायची: बोडीच्या पाळीवर, तळ्याकाठी तिसरं घर, दारात शेवगा. बाई बोलकी, कुत्रा त्याहून बोलका. मॅडमही इथं आल्या की म्हणायच्या, कुसुमताई, तुमचे शेरे वाचायला मजा येते.

तरी मन मानेना. वाटलं, मीच लिहिलंय म्हणून मला ओळखू येत असेल. दुसऱ्याची ओळ कुणाला ऐकवणं तर पापच, पण माझी स्वतःची होती. मीही रक्त दिलं होतं. आपला फॉर्म आपण भरायचा नाही, म्हणून माझा लक्ष्मणरावांनी भरला होता. निर्मलाबाई चहा घेऊन आल्या तशी मी वाचलं, "आंधळगाव. स्त्री. एकोणपन्नास. सुई पाहून डोळे मिटते, तोंड मिटत नाही."

"तूच न व," निर्मलाबाई कप ठेवत म्हणाल्या. "यात विचाराचं काय?"

करुणा आता मात्र हसली.

"रड नोको, हसूबी नोको," मी म्हटलं. "पाच वाजेपर्यंत वेळ हाये."

आधी शेऱ्याचा अख्खा रकाना छापून घेतला, फाइलमधून काढून टाकला आणि ते कागद वहीत चिकटवायला ठेवले. काढताना जीव तुटला, खोटं कशाला बोलू. मग गाव काढून तालुका ठेवला. नेमकं वय काढून विशी, तिशी, चाळिशी असे गट केले. कामाच्या रकान्यात कोसा विणणारी, भात लावणारी, गिरणीवर जाणारी, सगळे 'कामकरी' झाले. मॅडमच्याच पुस्तिकेत नियम होता: एका ओळीसारख्या निदान पाच ओळी दिसल्या पाहिजेत. मी तो वाचला होता, आणि नाव काढलं की झालं असं समजून पुढचं पान उलटलं होतं.

साडेचारला निर्मलाबाई कप न्यायला आल्या. मी वाचलं, "मोहाडी तालुका. स्त्री. चाळिशीतली. कामकरी."

त्यांनी बराच विचार केला. "अशा तर खंडीभर हायेत. कोण व ही?"

मला बरं वाटलं आणि जरासं वाईटही.

फाइलला पासवर्ड घातला, तो फाइलसोबत न लिहिता मॅडमना फोनवर सांगितला. त्यांनी विचारलं, "शेरे कुठे गेले?" मी म्हटलं, "कपाटात. कोणाले लागले तर लेखी मागा, काहून पाहिजे तेही लिहा, मंग आपण दोघी ठरवू." मॅडम म्हणाल्या, "हे मीच आधी सांगायला हवं होतं."

रविवारी करुणाच्या घराकडे मी मुद्दाम गेले नाही. दोनदा छत्री हातात घेतली आणि ठेवली.

सोमवारी दुपारी नीलेशचा फोन.

"ताई, करुणानं काल सांगितलं मले."

"मंग?"

"मंग काय. माह्यी तपासणी कवाचीच झाली, माह्यात नाई हाये. एकच वाहक असला तर लेकराले तो आजार होत नाई, हे मी रोज लोकायले सांगतो. आईले सांगाले अर्धा तास लागला. मंग आई म्हणे, पोरीनं आपल्या तोंडानं सांगितलं न, बस. एक सांगू? रागावू नोका. आज फाइलमंधी तिची ओळ शोधली मी."

"सापडली?"

"नाई न. अकरा ओळी तिच्यासारख्याच. अकराही जणी मले करुणाच वाटून राहिल्या."

मला हसू आवरेना, पण आवरलं. "शोधाचं नसते, बापू. तशी सही केली हाये तू. मॅडमले आजच्या आज सांग, नाईतर मी सांगतो."

"सांगतो, ताई."

"आन् लग्नात मले शेवटच्या पंगतीत नोको बसवू."

फोन ठेवला. वहीत एकशे त्रेचाळीसच्या शेऱ्यापुढे मला दोन शब्द लिहायचे होते: 'स्वतः सांगितलं.' माझं कुलूप मी लगेच उघडलं. लक्ष्मणराव जेवायला गेले होते. मी पेन हातात धरून बसून राहिले.