वेगमहाराजांची एक ओळ

रुग्णालयाच्या संगणक विभागात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर आले होते, नर्स आल्या होत्या, लिफ्टवालाही लिफ्ट वाऱ्यावर सोडून आला होता. पडद्यावर किडनीची वाट पाहणाऱ्या रुग्णांची यादी लागत होती. रोज अठरा मिनिटं खाणारं काम दीड मिनिटात उरकलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मोठ्या साहेबांनी तर चष्मा काढून डोळे पुसले.

चमत्कार करणारे गृहस्थ बाहेरून आणलेले सल्लागार होते. सगळे त्यांना वेगमहाराज म्हणत, आणि त्यांनाही ते मुळीच गैर वाटत नसे.

"तुमच्या प्रोग्रॅममधल्या एका अक्षरालाही मी हात लावलेला नाही," महाराज म्हणाले. "वर फक्त एक ओळ लिहिली. आपला कंपायलर फार संशयी. आकडा मोठा निघाला तर? रिकामा निघाला तर? पावलोपावली तपासणी घालून ठेवतो. त्याचा संशय काढून घ्या, त्याला श्रद्धा द्या. मग बघा काम कसं पळतं!"

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा संगणकातलाच एक कारागीर. जाता जाता त्यातला फापटपसाराही तो छाटतो.

मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाई मागे उभ्या होत्या. "पण तपासण्या काढल्या तर..."

"बाई, तपासणी म्हणजे अविश्वास! घरात नवऱ्याचे खिसे तपासता, तेवढं पुरे."

हशा पिकला. बाईही हसल्या. त्यांचा थोरला भाऊ त्याच यादीत होता, नऊशे चाळीस दिवस. यादी भराभर लागलेली त्यांना हवीच होती.

प्रोग्रॅममध्ये बाईंनीच एक अट घातली होती. हजार दिवस झाले की रुग्णाचं नाव सगळ्यांच्या वर यावं आणि जुळणारी किडनी आधी त्याला मिळावी. दादा डायलिसिसच्या खुर्चीत, सुई टोचलेला हात न हलवता, दिवस मोजायचा.

"शाळेत कधी पहिला नंबर आला नाही गं माझा," तो म्हणायचा. "आता दोन महिन्यांत येतो की नाही बघ."

हजार दिवस झाले. नाव वर आलं नाही. एक हजार एकतिसाव्या दिवशी त्याला जुळणारी किडनी आली आणि दुसऱ्याला गेली. ज्याला मिळाली त्याचा काय दोष!

बाई धावत गेल्या. अट प्रोग्रॅममध्ये जागच्या जागी होती. महाराजांनी तिच्यावर बोट ठेवलं. "बघा, शाबूत आहे. यंत्र पक्षपात करत नाही, बाई. त्याने काही पाहिलं असेल. सगळंच आपल्याला कळतं असं नाही."

मोठे साहेब म्हणाले, "यंत्राच्या यादीत हात घालायचा नाही. आज तुमचा भाऊ, उद्या माझा मेहुणा."

एक हजार सत्त्याऐंशीव्या दिवशी दादा गेला. भेटायला आलेली माणसं वहिनीला सांगत, "यंत्रालाही कळलं होतं हो, त्यांचे दिवस भरलेत."

पंधरा दिवसांनी बाई कामावर आल्या. या वेळी त्यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम पाहिलाच नाही. कंपायलरने यंत्रासाठी प्रत्यक्ष काय बनवलं होतं, ते उघडून त्या एकेक पायरी वाचत बसल्या. दुपारी त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि यादीत एक खोटा रुग्ण घातला. वाट पाहिलेले दिवस, पाच हजार. दीड मिनिटात यादी लागली. पाच हजारवाला कुठेतरी मध्यावर.

मग त्यांनी महाराजांची ओळ खोडली आणि प्रोग्रॅम पुन्हा बनवला. अठरा मिनिटं सगळे तिथेच उभे राहिले. पाच हजारवाला सगळ्यांत वर आला. त्याच्याखाली एक खराखुरा माणूसही आला. धंद्याने शिंपी, एक हजार चौऱ्याहत्तर दिवस.

"म्हणजे कंपायलरने घोटाळा केला," महाराज म्हणाले.

"त्याने तुमचं ऐकलं. तुम्ही लिहून दिलंत, दिवसांचा आकडा शून्य ते नऊशे नव्व्याण्णव, तपासू नकोस. तो बिचारा म्हणाला, हजार होणारच नसतील तर 'हजार झाले का' हे विचारायचं कशाला? अट छाटून टाकली. आम्हाला दिसत राहिली, यंत्रातून गेली. आकडा कुठून आणलात?"

"तेव्हाच्या यादीत सगळ्यांत मोठा नऊशे चाळीस होता. वर थोडी जागा ठेवली."

"तो माझा दादा होता," बाई म्हणाल्या. "दिवस वाढतात हो. रोज एक."

साहेबांनी शिंप्याला फोन लावला. बाई पर्स घेऊन वहिनीकडे गेल्या आणि दारातच सगळं सांगून टाकलं.

वहिनीने दाराची चौकट धरली. "त्यांची वेळ आली होती असं समजून मी झोपत होते गं," ती म्हणाली. "आता तेही गेलं."

"नको होतं का सांगायला?"

"सांगायलाच हवं होतं. आणि यादीतल्या बाकीच्यांच्या घरीही जाऊन सांग. कुणी म्हणालं 'तपासू नका, विश्वास ठेवा', की आधी तेच तपासा म्हणावं. माणूस गेल्यावर कळून काय करायचंय? चल, आत ये."