खिडकीवरचं लुगडं

काकासाहेब गवंड्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती उभ्या केल्या, आणि सत्तरी उलटल्यावर स्वतःच्या न्हाणीची जुनी खिडकी बुजवायला बसले. गुडघे साथ देईनात, तरी म्हातारा ऐकेल तर शपथ!

त्यांचा पोरगा अजिनाथ सुप्याला कंपनीत. त्यानं आधीच सांगितलं होतं, नाना, खिडकी बुजवली की न्हाणीत ओल धरेल. नाना म्हणाले, वारा लागतो. वारा कसला डोंबलाचा! चाळीस वर्षं त्याच वाऱ्यात न्हाले की. खरं कारण निराळं होतं, आणि ते दोन महिने त्यांच्या पोटातच होतं.

घर शनीच्या शिंगणापुरातलं, त्यामुळे दार कुठंच नाही. न्हाणीला नुसता पडदा, आणि तो आत कुणी असो नसो, लोंबतच असायचा. म्हणून नानांच्या मंडळींनी, झुंबरबाईंनी, घरात शिस्त लावली होती. न्हायला जाणाऱ्यानं आपलं कापड न्हाणीच्या अंगणाकडच्या खिडकीवर टाकायचं. ते दिसलं की बाकीच्यांनी लांबूनच फिरायचं, हाकसुद्धा मारायची नाही. दीपा सून होऊन आली, तशी तिला अवघड वाटू नये म्हणून ही शिस्त आणखी कडक झाली. भली बाई ती सासू. तिच्याच शिस्तीनं तिचा घात केला.

त्या सकाळी नाना हात धुवायला आले, तर खिडकीवर हिरवं लुगडं. फिरले. अर्ध्या तासानं परत आले, लुगडं तिथंच. ही बाई न्हाते का झोपते, असं पुटपुटत पुन्हा फिरले. शेवटी दीपानंच पडदा सारला. झुंबरबाई फरशीवर पडलेल्या, तोंड वाकडं झालेलं, श्वास तेवढा चालू. नगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या. घरात कुणाला कसं कळलं नाही, म्हणत अजिनाथ ढसाढसा रडला. तो तास कुठं गेला ते नानांना पक्कं ठाऊक होतं, पण त्यांनी मान खाली घातली ती घातलीच.

तेव्हापासून अंगणात पाऊल टाकलं की नजर आधी त्या खिडकीवर जायची. खिडकी रिकामी असली तरी त्यांना हिरवं दिसायचं. बुजवली की सुटलो, असं म्हाताऱ्याला वाटत होतं.

विटा भिजवलेल्या होत्या, माल कालवलेला होता. अजिनाथ कामावर गेलेला, म्हणून दीपाच एकेक वीट हातात देत होती. थर चढत गेले. शेवटच्या विटेची जागा उरली. नानांनी थापी घमेल्यात टाकली आणि खाली बसले.

"म्या दोनदा पाह्यलं लुगडं," ते म्हणाले. "दोन्ही बारीला माघारी फिरलो. वर तिलाच बोल लावला. ती आत पडली हुती गं."

दीपाच्या हातात वीट तशीच राहिली.

"नाना, मी बी आल्ते," ती म्हणाली. "कपडे भिजवायला. पाण्याचा आवाज येत न्हवता. माझ्या ध्यानात आलं हुतं, तरी बी फिरले. आत्या रागावत्याल म्हनून."

दोघंही तिथंच बसून रडली. माल वाळत चालला होता, पण उठावंसं कुणालाच वाटेना. एका घरात, एकाच दुःखानं, दोन महिने दोघं वेगवेगळी झुरत होती.

मग नाना उठले. दीपानं वीट पुढं केली, पण त्यांनी ती बाजूला ठेवली. कड लिंपली आणि विटेएवढी फट मोकळी सोडली. कशाला, म्हणून तिनं विचारलं. आवाज यायला जागा पायजे, म्हणाले.

संध्याकाळी अंग चुन्यासिमेंटानं माखलेलं, म्हणून नाना न्हायला गेले. कापड टाकायला आता खिडकी नव्हती, ते त्यांनी खुंटीला अडकवलं. बाहेर दीपा भांडी घासत होती. थोड्या वेळानं फटीतून तिची हाक आली.

"नाना, हाय का?"

"हाय," ते म्हणाले.

तांब्याभर पाणी डोक्यावर ओतलं, तोच पुन्हा हाक. पुन्हा ओ दिली. तिसऱ्या हाकेला मात्र त्यांना हुंदका आवरेना. एवढंच तर विचारायचं होतं झुंबरला, आणि एवढंच कुणी विचारलं नव्हतं. बाहेर दीपाच्या हातातलं भांडं थांबलं, ती ओ ऐकायला उभी राहिली.

"हाय गं पोरी," नाना म्हणाले, "मी हाय."